सोनेरी माशाची उलटतपासणी

आमचे मामा लिफ्ट चालवायचे. सात मजल्यांची जुनी इमारत, प्रत्येक मजल्यावर कसली ना कसली ऑफिसं, आणि मधोमध ही लिफ्ट. तिला बटणं नव्हती. एक पितळी दांडा होता. तो एका बाजूला ढकलला की वर, दुसऱ्या बाजूला ओढला की खाली, आणि मजल्याच्या पातळीला नेमकं थांबवायचं सगळं कसब चालवणाऱ्याच्या मनगटात. दाराला सरकती लोखंडी जाळी, कोपऱ्यात उंच स्टूल आणि स्टुलावर खाकी कोट-टोपीतले मामा. मामांचं मनगट इतकं तयार होतं, की लिफ्ट थांबली हे आतल्या माणसाला जाळी उघडल्यावरच कळायचं.

इमारतीत त्यांचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळे त्यांना ‘खरंतर’ म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागले, आणि एकदा तर बाहेरून आलेल्या एका सद्गृहस्थांनी दारावरच्या रखवालदाराला अदबीनं विचारलं, की मिस्टर खरंतर कुठे भेटतील. कारण मामांचं प्रत्येक वाक्य तिथूनच सुरू व्हायचं. माणूस लिफ्टमध्ये शिरला, जाळी ओढली, दांडा ढकलला, की मामा समोर बघत म्हणायचे, “खरं तर ऑक्टोपसला तीन हृदयं असतात.”

हे झालं पहिल्या मजल्याच्या माणसापुरतं. दुसऱ्यावर जाणाऱ्याला त्याच्या जोडीला ऑक्टोपसचं रक्त निळं असतं हेही मिळायचं. तिसऱ्यापर्यंत गेलात तर कळायचं, की तो पोहायला लागला की त्यातलं एक हृदय थांबतं, म्हणून बिचाऱ्याला पोहण्यापेक्षा सरपटणं परवडतं. सातव्या मजल्यावर गाण्याचा वर्ग होता. तिथे जाणाऱ्यांना अख्खा ऑक्टोपस मिळायचा, आठही पायांसकट. पहिल्या मजल्यावर शिवणयंत्रांचं ऑफिस होतं. तिथली माणसं वर्षानुवर्षं जगाविषयी फक्त पहिलं वाक्य ऐकत आली होती. त्यातला एक कारकून कधीकधी मुद्दाम तिसऱ्यापर्यंत जाऊन दोन मजले जिना उतरायचा, कारण अर्धवट राहिलं की त्याचं कामात लक्ष लागत नसे.

मी पाचव्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरांकडे बसायचे, पेशंटांना वेळा द्यायला. नोकरी मामांनीच शब्द टाकून मिळवून दिली होती. आमच्या डॉक्टरांना मामांची सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे गोगलगायीचे दात. गोगलगायीला हजारो दात असतात, जिभेवर, किसणीसारखे. झिजले की मागून नवे पुढे सरकतात. हे ऐकल्यापासून डॉक्टर ते प्रत्येक पेशंटला सांगायचे, तेही त्याच्या तोंडात दोन हत्यारं असताना. पेशंटला ‘हो का’ म्हणायची सोय नसायची. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर मात्र कुणातरी फार मोठ्या गिऱ्हाइकाला मुकल्याचं दुःख दिसायचं.

मामांचं हे भांडवल बहुतेक आमच्याच प्रतीक्षाखोलीतल्या जुन्या मासिकांतून आणि घरच्या रेडिओवरून यायचं. घरी मात्र त्यांच्यावर बंधनं होती; मी तेव्हा त्यांच्याकडेच राहायचे. मामी घरात बसून पडदे शिवायच्या. खोलीभर कापड पसरलेलं, मशीन चालू, तोंडात टाचण्या. त्यांनी लग्नानंतर लवकरच नियम करून टाकला होता, की जेवताना फक्त एकच गोष्ट सांगायची आणि ती कुणाच्याही पोटातली असता कामा नये. या नियमामुळे निसर्गाचा निम्मा भाग आमच्या जेवणातून बाद झाला होता.

चौथ्या मजल्यावर वकीलबाई होत्या. भावाभावांची घरं, बहिणींचे हिस्से, नवराबायकोच्या फारकती, असली सगळी कामं त्यांच्याकडे यायची. करडे केस घट्ट बांधलेले, हातात जाडजूड पिशवी, चालणं असं की जिन्यालाही दचकायला व्हावं. त्या लिफ्टमध्ये बोलत नसत. मामा रोज त्यांच्यापुढे काहीतरी ठेवायचे. शुक्रावरचा दिवस शुक्राच्या वर्षापेक्षा मोठा असतो. शार्क मासे पृथ्वीवर झाडांच्याही आधीपासून आहेत. आकाशातला साधा कापसासारखा ढग शेकडो टन वजनाचा असतो. वकीलबाई “बरं” म्हणायच्या आणि चौथा मजला यायचा. ढगाच्या दिवशी त्यांनी छत्री हातात आहे ना एवढं चाचपून पाहिलं, यावर मामा आठवडाभर खूश होते.

आणि मग एक दिवस मामा त्यांना म्हणाले, की खरं तर काचेच्या भांड्यातल्या सोनेरी माशाला फक्त काही सेकंदांपुरतंच आठवतं. एक फेरी पुरी होईपर्यंत तो मागचं विसरलेला असतो, त्यामुळे प्रत्येक फेरी त्याला नवी.

वकीलबाईंनी मामांकडे मान वळवून पाहिलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. चौथा मजला आला तरी त्या लगेच उतरल्या नाहीत. “सुखी आहे मासा,” त्या म्हणाल्या, आणि गेल्या.

मामांनी त्या दिवशी जेवताना हे दोनदा सांगितलं. मामींनी हरकत घेतली नाही, कारण पोटाचा विषय नव्हता.

काही दिवसांनी वकीलबाई लिफ्टमध्ये शिरल्या त्या छातीशी काचेचं एक गोल भांडं धरून. आत लालसर सोनेरी मासा, तळाशी मूठभर रंगीत खडे. मामांनी त्या दिवशी लिफ्ट अशी नेली की पाण्यावर तरंगही उठला नाही. ते भांडं वकीलबाईंच्या टेबलावर फायलींच्या शेजारी बसलं. मला त्यांनी पुढे एकदा कारण सांगितलं होतं. त्यांच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सगळं आठवत असायचं. वीस वर्षांपूर्वी कोण कुणाला काय बोललं, कुणाच्या लग्नात कुणाला मागच्या रांगेत बसवलं, आईची बांगडी कुणी नेली. त्यांना वाटलं, या ऑफिसात एकाला तरी काही आठवू नये.

पुढे बरेच महिने सगळं सुरळीत चाललं. मग वकीलबाईंना एका खटल्यासाठी बाहेरगावी राहावं लागलं. जाताना त्यांनी ऑफिसची किल्ली आणि माशाच्या खाण्याचा पत्र्याचा डबा मामांकडे दिला. सकाळी एक चिमूट घालायची, जास्त नाही. डबा छोटासा, पण झाकण घट्ट. अंगठ्यानं उचकटलं की ‘टक्’ असा खणखणीत आवाज व्हायचा.

मामा रोज लिफ्ट सुरू करायच्या आधी चौथ्यावर जाऊन मासा जेवू घालायचे. पहिल्यांदा मासा झाकणाच्या आवाजानं दचकून खड्यांकडे पळाला. पण नंतर नंतर काहीतरी वेगळं व्हायला लागलं. एका सकाळी मामा मला हाताला धरून तिथे घेऊन गेले. चेहरा पार उतरलेला. मला वाटलं मासा मेला. मासा जिवंत होता. मामांनी डबा पुढे धरला, झाकण उचकटलं, ‘टक्’ झालं, आणि खाणं पाण्यात पडायच्या कितीतरी आधी मासा सरळ वर आला आणि तोंड उघडून वाट बघत राहिला.

“कालचं आठवतंय त्याला,” मामा म्हणाले. “आणि मी अख्ख्या इमारतीला सांगितलंय की आठवत नाही.”

मी म्हटलं, भूक लागली असेल. मामांनी नकारार्थी मान हलवली आणि चिमूटभर खाणं घातलं.

त्याच शनिवारी आम्ही दोघं वाचनालयात गेलो. तिथल्या बाईंनी मासे पाळण्यावरचं एक जाड पुस्तक काढून दिलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, की सोनेरी माशाच्या विसरभोळेपणाची गोष्ट निव्वळ ऐकीव आहे. आवाजावर, दिव्यावर खायला यायचं त्याला शिकवता येतं आणि शिकलेलं महिनोन्‌महिने लक्षात राहतं. तेवढ्यावर थांबलं असतं तर मामांना बरं वाटलं असतं. पण पुढच्या पानावर होतं, की गोल भांडं त्याच्यासाठी वाईट. पाणी कमी, हवा लागायला जागा कमी, घाण पटकन साचते, फिरायला वाव नाही. नीट सांभाळलं तर हा मासा दहा-वीस वर्षंही जगतो, आणि हाताच्या पंजाएवढा होतो.

 त्या रात्री जेवताना मामांनी आपली एक गोष्टही सांगितली नाही. मामींनी आधी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं. मामा ताटाकडे बघत म्हणाले, की माझ्या एका वाक्यापायी बाईंनी त्याला त्या भांड्यात ठेवलं. त्याला कंटाळा आला तर येऊ दे, असं बाई म्हणाल्या नव्हत्या. त्याला कंटाळा येतच नाही, असं मीच त्यांना सांगितलं होतं.

मामी पडद्याची दुमड हातात तशीच धरून म्हणाल्या, “अहो, मग आता दुसरं वाक्य सांगा. जीभ तीच आहे ना?”

सोमवारपासून मामांनी वाक्य परत घ्यायला सुरुवात केली. आणि तेव्हा त्यांना कळलं, की सांगणं सोपं असतं, परत घेणं महाकठीण. जो माणूस पूर्वी ते ऐकून खूश झाला होता त्याला आता ते नको होतं. विम्याच्या ऑफिसातल्या एका कारकुनानं धाकट्या भावाच्या लग्नात भाषण करताना हाच मासा वापरला होता. सुखी संसारासाठी नवराबायकोनं सोनेरी माशासारखं व्हावं, असं तो म्हणाला होता आणि टाळ्या पडल्या होत्या. तो मामांना म्हणाला, की जुनंच चांगलं होतं, राहू द्या. गाण्याच्या वर्गातल्या एका बाईंना तर वाटलं, मामाच विसरले. मामा म्हणायचे, खोटं पहिल्या मजल्यापर्यंत सांगून होतं, आणि ते खोटं कसं हे सांगायला सातवाही पुरत नाही.

वकीलबाई परत आल्या. मामांनी त्यांना लिफ्टमध्ये नाही सांगितलं. टोपी हातात घेऊन त्यांच्या ऑफिसात गेले, खुर्ची असून बसले नाहीत, आणि आपण सांगितलेलं चुकीचं होतं, माशाला सगळं आठवतं, हे भांडंही त्याला बरं नाही, असं एका दमात बोलून टाकलं. मी फायली द्यायच्या निमित्तानं दारात उभी होते. वास्तविक दातांच्या दवाखान्यातून वकिलांना द्यायच्या कसल्या फायली असणार. पण त्या वेळी ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

वकीलबाईंनी चष्मा काढला. “पुरावा?”

मामांनी पुस्तकाचं सांगितलं. पुस्तक या माशाला ओळखत नाही, असं त्या म्हणाल्या. त्यांना हा मासा काय करतो ते पाहायचं होतं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सुनावणी ठरली.

सुनावणीला आमचे डॉक्टर पांढऱ्या कोटात, न बोलावता हजर झाले. विम्याचा कारकून दाराशी उभा राहिला, कारण त्याच्या भाषणाच्या अब्रूचा प्रश्न होता. वकीलबाई गंभीरपणे म्हणाल्या, की साक्षीदाराला शपथ देता येत नाही, तेवढं सोडून बाकी सगळं रीतसर होईल. त्यांनी आधी मामांना नुसतंच, डबा न घेता, भांड्याजवळ जायला सांगितलं. मामा गेले. मासा आपल्या फेरीत मग्न. मामा वाकले, हसले, टोपी काढून पुन्हा घातली. माशानं त्यांच्याकडे पाठ फिरवली. मामांच्या मनाला ते फार लागलं, हे मला दिसलं. इतके दिवस आपणच त्याला आठवतो अशी त्यांची समजूत होती.

मग वकीलबाईंनी मला डबा घेऊन कपाटामागे उभं केलं, माशाला दिसणार नाही असं. मी झाकण उचकटलं. ‘टक्’ झालं मात्र, मासा सुळकन वर, तोंड उघडं. डॉक्टरांनी आपल्या खिशातली स्टीलची डबी वाजवून पाहिली. मासा हलला नाही. वकीलबाईंनी पेनाचं टोपण वाजवलं. नाही. पुन्हा पत्र्याचा डबा, या वेळी डॉक्टरांच्या हातून. मासा वर.

“म्हणजे तो तुम्हाला नाही, डब्याला ओळखतो,” वकीलबाई मामांना म्हणाल्या.

मामांनी ते मान्य केलं. पण ओळखतो तर खरं, एवढं त्यांनी पुढे ठेवलं.

वकीलबाईंचं समाधान झालं नाही. मासा काल जेवला, आज सकाळी जेवला, आवाज ताजा आहे. आठवण किती टिकते हा खरा मुद्दा. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि निकाल न देता महिनाभरानंतरची तारीख दिली. दारातला कारकून हळूच म्हणाला, की यांच्याकडे माशाचीही सुटका नाही.

तोवरच्या अटी त्यांनी सांगितल्या. पत्र्याचा डबा कापडात गुंडाळून, गाठीवर लाखेचं सील मारून त्यांच्या कपाटात राहील. खाणं कागदाच्या पुडीतून, आवाज न करता घालायचं. आणि निकाल लागेपर्यंत माशाला अंतरिम दिलासा म्हणून त्याचं थोडं थोडं पाणी रोज बदललं जाईल. ते काम मामांकडे आलं. नळाचं पाणी एक दिवस बादलीत उघडं ठेवायचं आणि मग घालायचं, असं पुस्तकात होतं. तेव्हापासून लिफ्टच्या कोपऱ्यात एक उघडी बादली प्रवास करू लागली. कुणी विचारलं तर मामा सांगायचे, की कोर्टाच्या कामाचं आहे.

तो महिना इमारतीला जड गेला. मामांनी काहीही सांगणं बंद केलं होतं. स्वतःच्या प्रत्येक गोष्टीवरचा त्यांचा विश्वास उडाला होता. ऑक्टोपसचीही त्यांना खात्री वाटेना. लिफ्टमध्ये शांतता. जाळीची कुरकुर, दोरखंडांचा घरघराट, समोरच्याच्या पोटातला गुरगुराट, सगळं स्वच्छ ऐकू येऊ लागलं. गाण्याच्या मास्तरांना त्या महिन्यात पहिल्यांदाच कळलं, की लिफ्ट चौथ्या मजल्याजवळ पंचमात कुरकुरते. शिवणयंत्रांच्या ऑफिसातला तो कारकून रोज आशेनं तिसऱ्यापर्यंत जायचा आणि तसाच खाली उतरायचा. विम्याच्या ऑफिसात दोन तट पडले. साहेब माशाच्या बाजूनं होते, कारकून विरुद्ध.

मामा सुट्टीच्या दिवशी वाचनालयात जाऊन बसू लागले. आपली एकेक गोष्ट तपासत होते. बऱ्याच गोष्टी खऱ्या निघाल्या. काही नाही निघाल्या. वटवाघूळ आंधळं नसतं. माणूस मेंदूचा दहावा हिस्साच वापरतो ही थाप. शहामृग घाबरलं की वाळूत डोकं खुपसतं, हेही खोटं. ते जमिनीतल्या खळग्यात अंडी उलटीपालटी करायला मान खाली घालतं आणि लांबून डोकं नाहीसं झाल्यासारखं दिसतं. त्या महिन्यात एवढं एकच त्यांनी बोलून दाखवलं, तेही विम्याच्या साहेबांना, आणि साहेब हवालदिल झाले. त्यांनी नुकतंच हाताखालच्या सगळ्यांना एक कडक पत्रक काढलं होतं, त्याची सुरुवातच शहामृगापासून होती.

तारखेच्या दिवशी मामीही आल्या. इतक्या वर्षांत त्यांनी मामांची लिफ्ट आतून पाहिली नव्हती. पडद्याचं काम पिशवीत घालूनच आणलं होतं. वकीलबाईंच्या बाकावर बसल्या आणि टीप घालू लागल्या. मामांना त्यांच्याकडे बघायचा धीर होत नव्हता.

वकीलबाईंनी सील सगळ्यांना दाखवलं, मग फोडलं. डबा मामांच्या हातात दिला आणि कपाटामागे उभं राहायला सांगितलं. मामांचा अंगठा झाकणाच्या कडेला लागला, पण महिनाभर न उघडल्यानं ते घट्ट बसलं होतं. अंगठा एकदा निसटला, दुसऱ्यांदा निसटला.  मामींची सुई थांबली होती.

‘टक्.’

मासा तळाशी होता. तिथेच राहिला. त्याचे कल्ले हलत होते, बाकी काही नाही. मामा कपाटामागून बाहेर डोकावले आणि त्यांचा चेहरा पडला. कारकुनानं श्वास सोडला. तेवढ्यात माशानं अंग वळवलं, अगदी सावकाश, एखाद्या म्हाताऱ्या माणसाला शेजारच्या खोलीतून कुणी हाक मारावी तसं, आणि मग शेपटीचा एक फटकारा देऊन तो सरळ वर आला आणि पाण्याच्या कडेला तोंड उघडून थांबला.

मामींनी सगळ्यात आधी “आला” म्हटलं. डॉक्टरांनी टाळी वाजवली आणि लगेच हात मागे घेतले, न जाणो माशाला टाळीचीही सवय लागायची.

 वकीलबाई भांड्याजवळ गेल्या आणि बराच वेळ वाकून बघत राहिल्या. “म्हणजे इतके दिवस याला सगळं आठवत होतं,” त्या म्हणाल्या. मला वाटलं, त्यांना त्या टेबलावर झालेली सगळी भांडणं आठवली असणार. मग त्या मामांकडे वळल्या आणि त्यांनी विचारलं, की ते सेकंदांचं तुम्ही वाचलं तरी कुठे होतं.

मामांनी खरं ते सांगितलं. “छत्र्या विकणारा एक माणूस लिफ्टमध्ये बोलला होता. तो तिसऱ्यावर उतरला, म्हणून पुढचं विचारायचं राहिलं.”

वकीलबाई हसल्या. इमारतीत त्यांचं हसणं कुणी ऐकलेलं नव्हतं. ते चांगलं मोठं, गडगडाटी निघालं आणि खालच्या मजल्यावरून विम्याचे साहेब काय झालं बघायला वर आले.

निकाल त्यांनी तिथल्या तिथे दिला. माशाला योग्य ते घर मिळेल. आणि मामांनी यापुढे जे काही सांगायचं ते कुठे वाचलं किंवा कुणाकडून ऐकलं, हेही त्याच दमात सांगायचं. ऐकीव असेल तर ऐकीव म्हणायचं. मामांनी शिक्षा आनंदानं घेतली.

पाण्याची नवी पेटी लांबरुंद, जाड काचेची होती. लिफ्टमध्ये ती तिरकी करून बसवली तेव्हा मामांना स्टूल बाहेर ठेवून उभं राहावं लागलं. वकीलबाईंना ती खालीच भरून हवी होती, म्हणजे वर दगदग नको. मामांनी त्यांना सांगितलं, की लिटरभर पाणी म्हणजे किलोभर वजन, ही पेटी भरली तर तुमच्या चार अशिलांना खाली उतरावं लागेल. मग रिकामी नेली आणि पाणी बादल्यांनी वर गेलं. पेटी टेबलावर मावणार नव्हती म्हणून अशिलांच्या बाकासमोर भिंतीला लावली. हवेचे बुडबुडे सोडणारं यंत्र बसलं. सोबतीला दुसरा मासा आला, जरा फिकट. पहिल्यानं पहिल्या दिवशी कोपऱ्यात गोल गोल फेऱ्याच मारल्या. त्याला सरळ जाता येतं हे लक्षात यायला थोडे दिवस लागले, आणि मामा ते बघायला रोज सकाळी जात होते.

त्या बाकावर पुढे दोन भाऊ येऊन बसायचे. वडिलांच्या घरावरून त्यांचं बोलणं बंद होतं. एक या टोकाला, एक त्या टोकाला. एका दिवशी मी पाहिलं तर ते पुटपुटत भांडत होते, पण घरावरून नाही. मोठा मासा आधीचा की फिकट आधीचा यावरून. वकीलबाई सांगतात की त्यामुळे खटल्यावर तसूभरही परिणाम झाला नाही. पण भांडणात काहीतरी नवं आलं, एवढं त्याही मान्य करतात.

मामा परत बोलू लागले, पण त्यांची वाक्यं लांबली. फुलपाखराला पायांनी चव कळते, हे वाचनालयातल्या हिरव्या पुठ्ठ्याच्या पुस्तकात आहे. मुंगीला फुप्फुसं नसतात, अंगाच्या बारीक भोकांतून ती हवा घेते, हे रेडिओवर ऐकलं आणि मग ताडून पाहिलं. मध ओल न लागता बंद राहिला तर नासत नाही, हे दोन ठिकाणी वाचलं. या पुराव्यांपायी पहिल्या मजल्याच्या लोकांना आता एक वाक्यही पुरतं मिळेना. त्यांनी तक्रार केली तेव्हा मामांनी दांडा थोडा हळू ढकलायला सुरुवात केली. वकीलबाई आता “बरं” म्हणत नसत. त्या “कोण म्हणतं?” असं विचारायच्या, आणि मामांना त्याहून मोठं सुख नव्हतं.

पुढे ती लिफ्ट काढली. नवीन आली ती बटणांची, गुळगुळीत दारांची, आतून एक बाई मजल्यांचे आकडे सांगते अशी. मामा निवृत्त झाले. निरोपाला सगळे मजले खाली जमले होते. गाण्याच्या मास्तरांनी बोलायचं म्हणून उभं राहून काहीच बोलता न आल्यानं गाऊन टाकलं. मामा नव्या लिफ्टमधून एकदा वरपर्यंत गेले आणि आले. कशी वाटली विचारलं तर म्हणाले, आवाज चांगला आहे, पण आतल्या बाईंना सांगायला काही नाही.

मासे अजून आहेत. मोठा आता खरंच पंजाएवढा झाला आहे. मी अजून पाचव्यावरच असते आणि जाता-येता त्यांच्याकडे बघते.

मामा-मामींच्या स्वयंपाकघरात सध्या एका पालीचा प्रश्न चालू आहे. पाल भिंतीला चिकटते ती कसल्याही डिंकानं नाही, तर तळपायावरच्या डोळ्याला न दिसणाऱ्या लाखो केसांच्या जोरावर, हे मामांनी वाचून, ताडून सांगितलं. मामी एवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांचं म्हणणं, सकाळी खिडकीवर दिसते ती आणि संध्याकाळी दिव्याजवळ येते ती, या दोन वेगळ्या पाली आहेत; एकीची शेपूट आखूड आहे. मामा म्हणतात, एकच आहे. दोघी एकदम दिसल्या तर मामी जिंकतील, आणि तशा त्या अजून दिसलेल्या नाहीत. गेल्या रविवारी मी गेले तेव्हा मशीन बंद होतं, दोघं ओट्यापाशी खांद्याला खांदा लावून छताकडे बघत उभे होते, मामींनी मला हातानंच गप्प राहायची खूण केली, आणि त्यांच्या मागे शेगडीवर दूध उतू जात होतं.